पहिली बाईक : सीसी बघू की सीट?

एफ.ई.ला बसचा पास आणि टी.ई.ला लर्निंग लायसन्स, हा आपल्याकडचा अलिखित सिलॅबसच आहे. मी सध्या दुसऱ्या युनिटमध्ये आहे. माझा रोजचा रस्ता पावसकडून भाट्ये पुलावरून शहरात आणि तिथून मिरजोळ्याच्या एमआयडीसीत. प्रॅक्टिकल लांबलं की बस चुकते आणि घरी पोचेपर्यंत अंधार पडतो. त्यामुळे गाडी ही माझी हौस नाही, गरज आहे. बाबांनी त्यासाठी साठवलेले पैसे एकदाच खर्च होणार. म्हणून हा अभ्यास.

गाडीचा विषय निघाला आणि घरात दोन पक्ष पडले. आजी म्हणाली, "अगो बाय, तुला आपली स्कूटर बरी." चुलतभाऊ म्हणाला, "घेतेस तर दीडशे सीसीच घे. शंभरची गाडी चढाला धापा टाकते." दोघांचं ऐकून घेतलं आणि कागद-पेन घेऊन बसले. इंजिनिअरिंगचा घरात काहीतरी उपयोग व्हायला हवा ना!

आधी चढ. स्प्लेंडर प्लससारखी शंभरच्या वर्गातली गाडी साधारण ११२ किलोची. त्यावर ६०-६० किलोची दोन माणसं, म्हणजे एकूण २३२ किलो. दहा मीटर गेल्यावर एक मीटर वर नेणारा चढ धरा. असा चढ ताशी ३० किमी वेगाने चढायला लागते सुमारे १.९ किलोवॅट शक्ती. वारा आणि टायरचं घर्षण धरलं तरी अडीचच्या आसपास. इंजिन देतं जास्तीत जास्त साधारण ५.९ किलोवॅट, म्हणजे ८ हॉर्सपॉवर. मग धापा का लागतात? कारण आपण चढावर वेळेत गिअर उतरवत नाही! रोज दोघांनी लांब जायचं असेल तर १२५ सीसी आरामाची, पण कॉलेजपुरती शंभरची गाडी पुरून उरते.

आता सीट. नवशिक्याची गाडी वेगात कमी आणि थांबताना जास्त पडते. चढावर ट्रॅफिकमध्ये इंजिन बंद पडलं की गाडी पायांवर तोलायची असते. म्हणून शोरूममध्ये गाडीवर बसून दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का, ते बघा. स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटर उंच आहे. दीडशेच्या गाड्यांचं वजन बऱ्याचदा १४० किलोच्या वर जातं. तो तीसेक किलोंचा फरक कागदावर छोटा दिसतो, पण तिरकी झालेली गाडी सावरताना बरोबर कळतो.

आजीची स्कूटर वाईट नाही. शहरातल्या शहरात फिरायला सोपी, सामान ठेवायला जागा. पण तिची चाकं बहुधा १० किंवा १२ इंचांची, शंभरच्या बाईकची १७-१८ इंचांची. पावसाळ्यातल्या खड्ड्यात मोठं चाक कमी आपटतं. शिवाय गिअरच्या गाडीचं लायसन्स काढलं की त्यावर बिनगिअरची स्कूटरही चालवता येते. उलटं चालत नाही.

तिसरी गोष्ट ब्रेक. वेग ३० वरून ४५ झाला, म्हणजे दीडपट, तर थांबायला लागणारं अंतर सव्वादोन पट होतं, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. त्यात पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि जांभ्याची लाल माती एक होते. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना कॉम्बाइन्ड ब्रेक किंवा एबीएस सक्तीचं झालं. कॉम्बाइन्डमध्ये पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. त्याआधीच्या सेकंडहँड गाडीत हे असेलच असं नाही, तेव्हा विचारून घ्या. सेकंडहँड घेताना मडगार्डच्या आतून आणि सायलेन्सरच्या सांध्यापाशी गंज बघा. आपल्याकडची खारी हवा काहीच सोडत नाही. पूर्ण झाकलेली चेन असेल तर चिखल आणि पाणी कमी लागतं. आर.सी. स्वतःच्या नावावर करायला विसरू नका.

लर्निंगवाल्यांसाठी नियम : लर्निंग सहा महिने चालतं, पक्क्या लायसन्सची टेस्ट तीस दिवसांनंतर देता येते. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावायचा. आणि मागे मैत्रीण बसवायची नाही, शिकवणारा लायसन्सवाला असेल तरच.

बजेट मांडताना शोरूमची नाही, ऑन-रोड किंमत धरा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. आयएसआय मार्कचं हेल्मेट आणि चांगला रेनकोट त्याच बजेटमध्ये बसवा, "नंतर बघू" करू नका. पैसे उरलेच तर स्टिकर-ग्राफिक्सपेक्षा पुढच्या डिस्क ब्रेकवर घाला.

माझा निर्णय झालाय : शंभर सीसी. चुलतभावाला आकडेमोड दाखवली, तर तो म्हणाला, "पण पिकअप?" त्याला मी सांगितलं, मला आधी थांबता आलं पाहिजे, पिकअपचं नंतर बघू. तुम्हीही गाडी बघायला जाल तेव्हा मित्रांच्या पसंतीआधी आपला रस्ता, आपले पाय आणि आपला ब्रेक बघा. मग रंग कोणताही घ्या!