कामाचं सॉफ्टवेअर निवडताना : आधी फळा, मग मोबाईल



आजच्या विषयाचं नाव जरा जड आहे, 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअर'. हे आयटी कंपन्यांचं प्रकरण, शाळेत त्याचं काय काम, असं मलाही काही वर्षांपूर्वी वाटायचं. पण स्नेहसंमेलन, सहल, विज्ञान प्रदर्शन, पालक सभा ही काय वेगळी गोष्ट आहे? माणसं दहा-पंधरा, कामं पन्नास, तारीख ठरलेली आणि ती पुढे ढकलायची सोय नाही. आपण वर्षभर प्रोजेक्टच करत असतो, फक्त व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर करतो.

त्या ग्रुपनं आमच्याकडे काय केलं ते आधी सांगतो. आठवीतल्या एका मुलीनं दवाखान्यातल्या सलाईनच्या नळ्या वापरून ठिबक सिंचनाची प्रतिकृती केली होती. महिनाभर खपली होती पोर. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाची नोंदणी ऑनलाईन होती आणि तिची शेवटची तारीख ग्रुपवर आली होती. त्याच दिवशी एका सरांचा वाढदिवस होता. शुभेच्छा, केकचे फोटो, शालेय पोषण आहाराची माहिती मागवणारं परिपत्रक, या सगळ्याच्या खाली ती तारीख गेली. मला वाटलं, वर्गशिक्षिका बाईंनी फॉर्म भरला असेल. बाईंना वाटलं, विज्ञानाचा शिक्षक म्हणून मी भरला असेल. आम्ही दोघांनीही त्या मेसेजला अंगठा दाखवला होता. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ती मुलगी विचारायला आली, "सर, माझं नाव यादीत नाही का?" प्रतिकृती प्रयोगशाळेच्या कपाटावरच राहिली.

मग आम्ही शोधाशोध सुरू केली.

मुळात गप्पांचं ॲप आणि कामाचं ॲप यांत फरक काय, हे आधी समजून घेऊ. गप्पांच्या ॲपमध्ये सगळ्यात नवीन गोष्ट समोर राहते आणि जुनी मागे सरकते. कामाच्या ॲपमध्ये जी गोष्ट अजून झालेली नाही ती समोर राहते, मग ती तीन आठवड्यांपूर्वी ठरलेली का असेना. शिवाय प्रत्येक कामाला तीन गोष्टी चिकटलेल्या असाव्या लागतात: नेमकं काय करायचं, कोणी करायचं आणि कधीपर्यंत. 'कोणी' या जागी एकच नाव हवं. दोन नावं लिहिली की आमच्यासारखं होतं.

अशी सॉफ्टवेअरं ढोबळमानानं काम दोन प्रकारे दाखवतात. पहिला प्रकार फलकाचा. 'करायचं', 'चालू', 'झालं' असे रकाने आणि प्रत्येक काम म्हणजे एक कार्ड, जे एका रकान्यातून दुसऱ्यात सरकवायचं. याचं मूळ जपानमध्ये टोयोटाच्या कारखान्यात आहे. तिथले अभियंते ताइइची ओनो यांनी ही कार्डांची पद्धत बसवली. 'कानबान' या जपानी शब्दाचा अर्थच पाटी किंवा फलक. सुट्या भागांच्या खोक्याला कार्ड लावलेलं असे. भाग वापरले गेले की कार्ड मागे जाई आणि तेवढेच नवे भाग तयार होत, म्हणजे उगाच माल साचत नसे. आपल्याला यातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे 'चालू' या रकान्यावर घातलेली मर्यादा. आम्ही नियम केला की एका माणसाची एका वेळी तीनपेक्षा जास्त कार्डं 'चालू'मध्ये नकोत. चौथं घ्यायचं असेल तर आधी एक संपवा, नाहीतर दुसऱ्याला द्या.

दुसरा प्रकार पट्ट्यांच्या तक्त्याचा, ज्याला गँट चार्ट म्हणतात. हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याच्या नावावरून हे नाव पडलं. साधारण १९१० च्या दशकात त्यांनी हे तक्ते प्रचारात आणले. वर तारखा, डावीकडे कामं आणि प्रत्येक काम किती दिवस चालणार याची आडवी पट्टी. एक काम दुसऱ्यावर अडलेलं असतं तिथे हा तक्ता उपयोगी. स्नेहसंमेलन तसंच असतं. मंडपवाल्याला स्टेजचं माप सांगायचं तर सगळ्यात मोठ्या नाचात किती मुलं आहेत हे कळायला हवं, त्यासाठी नाच ठरायला हवेत, त्यासाठी गाणी, आणि गाण्यांना मुख्याध्यापकांची मान्यता. ती मान्यता चार दिवस लांबली की मंडप चार दिवस लांबतो, हे पट्टीवर लगेच दिसतं. उलट ग्रंथालयाची पुस्तकं लावणं, प्रयोगशाळेची यादी करणं अशा सुट्या सुट्या कामांना फलक पुरतो.

आमची चूक अशी झाली की आम्ही आधी मोबाईलवर ॲप उतरवून घेतली. तीन ॲप, तीन पासवर्ड आणि आठवड्यानं तिन्ही ओस. मग एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर स्टाफरूममधल्या फळ्यावर खडूनं लिहायला बसलो. स्नेहसंमेलनाची सगळी कामं, अगदी 'पाहुण्यांसाठी नारळ' इथपर्यंत. एकूण ४१ झाली. प्रत्येकापुढे नाव लिहिलं आणि खोलीत शांतता पसरली. ४१ पैकी १३ कामांपुढे मराठीच्या मॅडमचं नाव होतं. चौदा जणांचा स्टाफ. मॅडम काही बोलल्या नाहीत. आम्हीही कित्येक वर्षं काही बोललो नव्हतो, कारण ते कधी एका जागी दिसलंच नव्हतं. निवेदन त्यांचं, निमंत्रण पत्रिकेचं शुद्धलेखन त्यांचं, मुलींच्या वेशभूषेचं भाडं त्यांच्याकडे आणि रात्री शेवटची मुलगी घरी जाईपर्यंत थांबणंही त्यांच्याकडे. त्या दिवशी पाच कामं इतरांनी उचलली. अजून कुठलंही सॉफ्टवेअर आलं नव्हतं.

फळा भरल्यावर मात्र निवड सोपी झाली, कारण आपल्याला काय हवं हे कळलं होतं.

एक पालक पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहेत. त्यांनी मोठ्या उत्साहानं जिरा सुचवलं. जिरा हे ॲटलासियन या ऑस्ट्रेलियन कंपनीचं २००२ सालापासूनचं सॉफ्टवेअर, प्रोग्रॅममधल्या चुका आणि त्यांच्या दुरुस्त्या यांचा माग ठेवायला बनवलेलं. ते त्यांच्या कामाला उत्तमच असणार. पण आमच्या चित्रकलेच्या सरांना 'इश्यू', 'बॅकलॉग', 'स्प्रिंट' समजावून सांगेपर्यंत संमेलन होऊन गेलं असतं. (भाऊसाहेबांनी कार्यालयातून विचारलं, "जिरा म्हणजे किराणा सामानात का?")

ट्रेलो मला स्वतःला सगळ्यात आवडलं. २०११ मध्ये आलेलं, २०१७ पासून तेही ॲटलासियनकडे. कार्ड बोटानं सरकवायचं, इतकं सोपं. अडचण अशी की २०२४ पासून त्याच्या मोफत योजनेत एका कार्यक्षेत्रात १० च सहकारी घेता येतात आणि आम्ही चौदा. कोणीतरी म्हणालं, एकच खातं करू आणि सगळे वापरू. तसं कृपया करू नका. मग कोणी काय बदललं हेच कळत नाही, म्हणजे पुन्हा आपण ग्रुपवर आलो. समिती पाच-सहा जणांची असेल तर मात्र मी ट्रेलोच सांगेन. आसना आणि चेन्नईच्या झोहो कंपनीचं झोहो प्रोजेक्ट्स यांत पट्ट्यांचा तक्ताही मिळतो, पण मोफत काय आणि पैसे भरून काय, हे त्यांच्या संकेतस्थळावर त्या दिवशी वाचूनच ठरवा, योजना बदलत असतात. संस्थेकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर त्यात प्लॅनर आहे का ते आधी बघा. घरात असलेलं सोडून बाजारात कशाला जायचं?

आम्ही शेवटी काय घेतलं, तर गूगल शीट. हे प्रोजेक्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअर नाही, मान्य. पण रकाने सगळ्यांना रजिस्टरमुळे ओळखीचे आहेत. काम, एक नाव, तारीख, स्थिती आणि 'कुठे अडलं'. स्थितीच्या रकान्यात 'करायचं, चालू, झालं' एवढेच पर्याय खाली उघडतील असं केलं. आपलं नाव निवडून फिल्टर लावला की आपलीच कामं दिसतात. कोणी कधी काय बदललं तेही मागे जाऊन पाहता येतं. याची उणीव म्हणजे ते स्वतःहून फारशी आठवण करून देत नाही, म्हणून दर सोमवारी परिपाठानंतर दहा मिनिटं आम्ही उभ्याउभ्या फक्त 'कुठे अडलं' हा रकाना वाचतो.

निवडताना आणखी काही गोष्टी तपासाव्यात असं मला वाटतं. आधी एखादं छोटं पण खरं काम त्यावर करून बघा, आम्ही पालक सभा घेतली होती. तेही शाळेतल्या कॉम्प्युटरवर नको, नेट धड नसलेल्या गावात राहणाऱ्या सहकाऱ्याच्या जुन्या मोबाईलवर. मराठीत लिहिता येतंच, पण शोधताना गंमत होते. एकानं 'स्नेहसंमेलन' लिहिलं आणि दुसऱ्यानं 'स्नेहसम्मेलन', तर शोधल्यावर एकच सापडतं. आम्ही कामांची नावं ठरवून टाकली, शुद्धलेखन मराठीच्या मॅडमचं. (हे चौदावं काम झालं, लक्षात आहे.)

आणि आपली माहिती बाहेर काढता येते का, हे बघाच. वंडरलिस्ट नावाचं कामांच्या याद्यांचं एक लोकप्रिय ॲप होतं. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये ते विकत घेतलं आणि मे २०२० मध्ये बंद केलं. आज आवडतं आहे म्हणून पाच वर्षांनी असेलच असं नाही. ट्रेलोच्या मोफत योजनेत माहिती बाहेर काढता येते, पण ती जेसन नावाच्या, आपल्याला वाचायला किचकट अशा स्वरूपात. सरळ तक्त्याच्या स्वरूपात हवी तर पैसे भरावे लागतात.

पालकांसाठी एक महत्त्वाचं. या सगळ्यात मुलांचे आधार क्रमांक, पत्ते, आजारपणाच्या नोंदी टाकायच्या नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक धरलेला आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. आमच्या शीटमध्ये 'आठवी ब, हजेरी क्र. १७' एवढंच लिहितो. कोणाला काही वेगळं दिसलं तर शाळेत येऊन विचारा, तो तुमचा हक्क आहे.

एक प्रसंग मात्र अजून मनात आहे. पहिल्या महिन्यात मुख्याध्यापकांनी शीट उघडून कोणी किती कामं संपवली ते मोजलं आणि सभेत वाचून दाखवलं. हेतू वाईट नव्हता. पण दुसऱ्या दिवसापासून 'खुर्च्या मोजणे', 'खुर्च्यांची यादी करणे', 'खुर्च्यांची यादी देणे' अशा तीन तीन ओळी दिसू लागल्या आणि 'कुठे अडलं' हा रकाना सगळ्यांचा कोरा. अडलं म्हणून लिहिलं तर कमीपणा, मग कोण लिहिणार? मी सरांना भेटून बोललो. त्यांनी ऐकलं, आणि पुढच्या सोमवारी स्वतःच्याच नावापुढे लिहिलं: 'गाण्यांची मान्यता, अडलं, मी अजून ऐकली नाहीत.' त्या आठवड्यात बाकीचेही लिहू लागले.

चित्रकलेचे सर अजून शीट उघडत नाहीत. ते कार्यालयात जाऊन सांगतात, "भाऊसाहेब, पडदा रंगवून झाला," आणि भाऊसाहेब त्यांच्या ओळीत 'झालं' करतात. आम्ही ते चालवून घेतलंय. आणि यंदाच्या विज्ञान प्रदर्शनाच्या शीटमध्ये पहिलीच ओळ 'नोंदणी' आहे, तिच्यापुढे एकच नाव आहे, माझं. ती मुलगी आता नववीत आहे. सलाईनच्या जुन्या नळ्या कडक झाल्या म्हणून दवाखान्यातून नव्या मागून आणल्यात तिनं.