रोज शटडाऊन करूनही मशीन का रडतं?

गोवंडी स्टेशनजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. स्कॉलरशिपच्या शेवटच्या रात्री शिवाजीनगरहून एक मुलगी आईला घेऊन आली. कागद स्कॅन झाले, फॉर्म भरला आणि सबमिट करायच्या आत कॉम्प्युटर हँग झाला. तो परत चालू होईपर्यंत बारा वाजून गेले, साइट बंद. “दादा, आता काय करायचं?” मला काही बोलता आलं नाही. त्या वर्षी तिचा फॉर्म गेलाच नाही.

मशीन तीन आठवडे त्रास देत होतं. मी ब्राउझरला दोष दिला, अँटिव्हायरस बदलला, लॅमिंग्टन रोडवरून रॅम आणून 4 जीबीची 8 केली. मग दोन दिवसांनी हँग होणारं मशीन पाच दिवसांनी व्हायला लागलं. रॅम दुप्पट करूनही दुखणं नुसतं लांबतंय, म्हणजे कुठेतरी गळतंय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्या रात्रीनंतर मशीन पुन्हा जड व्हायला लागलं, तेव्हा टास्क मॅनेजर नीट बघितला. सगळ्या प्रोग्रामची बेरीज दोन जीबीच्या आसपास, वापरात मात्र साडेसात. ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’खाली ‘नॉन-पेज्ड पूल’ असा आकडा असतो. ही कर्नलची, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याची मेमरी. ती डिस्कवर सरकवता येत नाही. एरवी ती काहीशे एमबी असते, माझ्याकडे चार जीबीच्या वर गेली होती. कर्नलची मेमरी कोण खातंय ते दाखवणारं मायक्रोसॉफ्टचं पूलमॉन लावलं, ‘पी’ दाबून नॉन-पेज्ड निवडलं, ‘बी’ दाबून जास्त खाणारे वर आणले. पहिल्याच ओळीत चार अक्षरांचा एक टॅग, डोळ्यांदेखत वाढणारा. ड्रायव्हरच्या फायलींत तो शोधला, तर स्वस्तात घेतलेल्या वायफाय डोंगलचा निघाला. प्रोग्राम बंद केला की त्याची मेमरी सिस्टीम काढून घेते. ड्रायव्हरनं कर्नलमध्ये घेतलेली जागा त्याची त्यानंच सोडायची असते.

पण मी तर रोज रात्री शटडाऊन करत होतो! विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाऊन करताना कर्नल डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. गळतीसकट. कर्नल नव्यानं सुरू होतो तो रीस्टार्टनं.

मेमरी घेऊन न सोडण्याची ड्रायव्हरची असली चूक कुणी मुद्दाम पुन्हापुन्हा घडवू शकला तर मशीन आडवं पाडता येतं, म्हणून तिची नोंद सुरक्षेतली त्रुटी म्हणून होते. लिनक्सच्या एमवायफायएक्स या वायफाय ड्रायव्हरमधली गळती 2019 मध्ये सीव्हीई-2019-19057 या क्रमांकानं नोंदली गेली. मेमरी जोडण्याची एक पायरी फसली, की आधी घेतलेला बफर सोडायचाच राहून जात होता.

डोंगलचा नवा ड्रायव्हर टाकल्यापासून माझ्या नॉन-पेज्ड पूलचा आकडा जागचा हलत नाही. सायबरवाल्यांनो, झेरॉक्सवाल्यांनो, फॉर्मची शेवटची तारीख आली की आदल्या रात्री मशीन शटडाऊन नको, रीस्टार्ट करा, आणि नॉन-पेज्ड पूल वाढत तर नाही ना, हे आठवडाभर रोज वहीत लिहून बघा.