आज्ञा देऊन फाइल पुसणें

संगणकावरील फाइल चित्रखुणेच्या साहाय्यानें काढली म्हणजे ती आधीं कचरापेटींत जाते व मागाहून परत आणतां येते, हें आमच्या विद्यार्थिमित्रांस ठाऊक आहेच. परंतु अक्षरें टंकून जी आज्ञा दिली जाते तिच्यामागें अशी पेटी नसते. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स ही प्रणाली आरंभिली. तिच्यांत, व तिच्या वळणावर पुढें घडलेल्या लिनक्समध्यें, पुसण्याची आज्ञा 'आर्‌एम्' अशी दोन अक्षरांची आहे. रिकामें फोल्डर काढण्यास 'आर्‌एम्‌डिर' ही निराळी आज्ञा असून, आंत एक जरी फाइल उरली असली तरी ती सरळ नकार देते. आम्हांस ही भिडस्त आज्ञाच अधिक आवडते! 'आर्‌एम्'पुढें आडवी रेघ व 'आर्' जोडलें कीं फोल्डर आंतल्या सर्व ऐवजासह जातें.

खरा धोका मोकळ्या जागेचा. 'जुनी' या शब्दास लागून तारका लिहिल्यास त्या शब्दानें आरंभ होणाऱ्या फाइली तेवढ्या जातात. दोहोंमध्यें चुकून जागा सुटली, तर तारकेचा अर्थ 'येथील सर्व कांहीं' असा होतो, व वर्षभराचें काम क्षणांत नाहींसें होतें. म्हणून 'आर्‌एम्'च्या जागीं प्रथम 'एल्‌एस्' लिहून तीच खूण द्यावी, कोणतीं नांवें येतात तें पाहावें, मग पुसावें. रेघ व 'आय्' जोडल्यास प्रत्येक फाइलीगणिक विचारणा होते.

पुसलें म्हणजे नेमकें काय होतें? सातबाऱ्यावरचें नांव कमी केलें म्हणून मालवणांतील परड्यांतले माड कांहीं उन्मळून पडत नाहींत. तद्वत् 'आर्‌एम्' केवळ नांवाची नोंद काढतो. मजकूर तबकडीवर तसाच राहतो, व त्या जागीं दुसरें लिखाण पडेपर्यंत जाणकारास कधीं कधीं परत मिळतो. तबकडी नसलेल्या नव्या साठवणयंत्रांत मात्र मोकळ्या झालेल्या जागा यंत्र स्वतःच लौकर साफ करतें. तेथें ही आशा फारशी नाहीं.

१९९८ सालीं पिक्सार या चित्रसंस्थेंत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या फाइली याच आज्ञेनें भराभर नाहींशा होऊं लागल्या, व राखीव प्रतही सदोष निघाली. गॅलिन सुस्मन या बाई तान्ह्या बाळामुळें घरून काम करीत. त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक पांघरुणांत गुंडाळून, मोटारींत जपून ठेवून कचेरींत आणिला, आणि त्यावरून बहुतेक काम परत मिळालें.