ओळीच्या सुरुवातीची अक्षरे कापताना

मजकुराच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीची ठरावीक अक्षरे काढून टाकणे हे संगणकावरचे दोन मिनिटांचे काम समजले जाते. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतल्या सोसायट्यांमध्ये ते वारंवार निघते. कधी सभासदांची यादी स्वच्छ करायची असते, कधी दूरध्वनी क्रमांक, पार्किंगमधल्या गाड्या किंवा गणेशोत्सवाच्या वर्गणीदारांची नावे. यादी एकाने टाइप केलेली असते, दुसऱ्याने वाढवलेली असते आणि तिसऱ्याने मोबाइलवरून पाठवलेली असते. घोटाळे होतात ते मुख्यतः यामुळे. साधन सहसा चुकत नाही.

साधने बरीच आहेत. एक्सेलमध्ये ‘मिड’ हे सूत्र कितव्या अक्षरापासूनचा मजकूर हवा ते विचारते. पहिली चार अक्षरे नको असतील तर पाचव्यापासूनचा मागायचा. वर्ड आणि नोटपॅड प्लस प्लसमध्ये ऑल्ट दाबून माउस ओढला की उभा पट्टा निवडला जातो आणि तो पुसता येतो. लिनक्सवर ‘कट’ ही आज्ञा आहे. या सगळ्यांचे गृहीतक एकच: प्रत्येक ओळीतला नकोसा भाग तितक्याच अक्षरांचा आहे. यंत्राने छापलेल्या यादीत ते खरे असते. ००१ ते २४० असे अनुक्रमांक आणि पुढे एक मोकळी जागा असेल, तर चार अक्षरे बेलाशक कापावीत. माणसांनी लिहिलेल्या यादीत मात्र हे गृहीतक टिकत नाही.

ठाणे जिल्ह्यातले एसटीडी कोड हे त्याचे उत्तम उदाहरण. ठाणे शहराचा कोड मुंबईचाच, ०२२, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर यांचा ०२५१, भिवंडीचा ०२५२२. म्हणजे एकाच जिल्ह्यात तीन, चार आणि पाच अंकांचे कोड. पुढचा स्थानिक क्रमांक अनुक्रमे आठ, सात आणि सहा अंकी असल्यामुळे बेरीज सगळीकडे अकराच भरते. त्यामुळे ओळीची लांबी मोजून काही कळत नाही. दूरध्वनीवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावण्याचा नियम १५ जानेवारी २०२१ पासून आला. तेव्हापासून मोबाइल क्रमांकही शून्यासकट लिहून ठेवणारे सभासद आहेत, आणि तोही अकरा अंकीच होतो.

अशा यादीतून सरसकट चार अंक कापले तर ठाण्याच्या क्रमांकाचा एक अंक जादा जातो आणि सात अंक उरतात. तो क्रमांक हुबेहूब डोंबिवलीचा वाटतो. असाच दुसरा प्रकारही होतो. फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली की एक्सेल क्रमांकाला संख्या समजून सुरुवातीचे शून्य गिळतो. मग डोंबिवलीच्या क्रमांकातून चार अंक कापल्यावर सहाच उरतात, आणि तो भिवंडीचा वाटतो. यावर उपाय म्हणजे फाइल ‘इम्पोर्ट’ करताना त्या रकान्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ ठेवणे. एकदा गेलेले शून्य सगळीकडे डोळे मिटून परतही लावता येत नाही, कारण काही क्रमांकांना ते मुळातच नसते.

म्हणून दूरध्वनीच्या यादीत किती अक्षरे कापायची हे ठरवण्याऐवजी काय कापायचे ते ठरवावे. ओळ ०२२ ने सुरू होत असेल तर तीन, ०२५१ ने होत असेल तर चार, ०२५२२ ने होत असेल तर पाच अंक काढावेत. यांपैकी काहीच नसेल तर ओळीला हात लावू नये. कोणताही कोड दुसऱ्या कोडची सुरुवात नाही, त्यामुळे तपासणीचा क्रम कसाही चालतो. ‘शोधा आणि बदला’ मात्र वापरू नये. क्रमांकाच्या मधोमध आलेले ०२२ सुद्धा ते उडवते.

कापलेला भाग खरोखर निरुपयोगी आहे का, हेही आधी पाहावे. १९७२ साली सुरू झालेल्या पिनकोडमध्ये ठाण्याचा ४००६०१ आणि शहापूरचा ४२१६०१ आहे; पहिले तीन अंक काढले की दोघांचेही ६०१ उरतात. गाड्यांचेही तेच. ठाण्याची एमएच ०४ आणि कल्याणची एमएच ०५ ही ओळख पुसली, तर दोन वेगळ्या गाड्या एकाच क्रमांकाच्या होऊ शकतात.

खरी कसोटी लागते ती नावांच्या यादीत. डोळ्यांना ‘श्री’ हे एकच अक्षर दिसते. संगणक मात्र श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी चार अक्षरे मोजतो. टिंब आणि मोकळी जागा धरून ‘श्री. ’ सहा अक्षरांचे होते, ‘सौ. ’ चारच. सगळीकडे सहा कापले तर ‘सौ. सुनीता’ची ‘नीता’ होते. कापलेल्या जागी सुटी वेलांटी किंवा तुटका काना उरला तर चूक निदान डोळ्यांत भरते. नीता कोणाच्याच लक्षात येत नाही. काही साधने तर अक्षरांऐवजी बाइट मोजतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते, म्हणून तिथे नुसता ‘श्री’च बारा भरतो. देवनागरी यादीवर नवे साधन चालवण्याआधी ते काय मोजते, हे एका ओळीवर पाहून घ्यावे.

नावांच्या बाबतीत दूरध्वनीची युक्तीही जशीच्या तशी लागू होत नाही. ‘श्री’ने सुरू होणारे सगळेच ‘श्री.’ नसतात. टिंबाशिवाय कापले तर श्रीधरचा धर होतो, सौरभचा रभ, आणि ‘कु’ कापायला निघालेला माणूस डोंबिवलीतल्या सगळ्या कुलकर्ण्यांना लकर्णी करून ठेवतो. इथे टिंब आणि मोकळी जागा धरूनच जुळवावे, आणि टिंब न देणाऱ्यांसाठी ‘श्रीमती’ची तपासणी ‘श्री’च्या आधी ठेवावी.

फक्त पहिलीच ओळ बिघडली असेल, तर फाइलच्या तोंडाशी न दिसणारे बीओएम नावाचे चिन्ह असण्याची शक्यता मोठी. व्हॉट्सॲपवरून काढलेल्या संभाषणात तारीख-वेळेची रुंदी बदलती असते, आणि लांब निरोपाच्या पुढच्या ओळींना ती नसतेच. तिथे मोजून कापणे म्हणजे मजकूरच कापणे. एक्सेलचे ‘फ्लॅश फिल’ नमुना पाहून उरलेले स्वतःच भरते, पण ते अंदाज बांधते. शंभर ओळींच्या पुढे त्यावर विसंबू नये.

तपासणीसाठी मूळ रकाना तसाच ठेवावा आणि निकाल शेजारी घ्यावा. बहुतेक लोक उरलेला मजकूर वाचून पाहतात. त्यापेक्षा कापलेला भाग तिसऱ्या रकान्यात काढून त्याची क्रमवारी लावणे कितीतरी उपयोगाचे. पाचशे ओळींमधून वेगवेगळे तुकडे सहसा पाच-सहाच निघायला हवेत. त्या रांगेत ‘श्री. ’ आणि ‘सौ. ’ यांच्या जोडीला ‘सौ. सु’ दिसले की चूक कुठे झाली ते लगेच कळते. शेवटी कापलेला तुकडा आणि उरलेला मजकूर जोडून मूळ रकान्याशी ताडून पाहावा. जिथे जुळत नाही, तिथे वाटेत काहीतरी हरवले आहे, आणि बहुधा ते सुरुवातीचे शून्य असते.