गोमंतकातील फुटबॉलची जडणघडण

सुरतेतील माझ्या वर्गात उधना-लिंबायतकडची मराठी मुले बरीच असतात. खेळाचा विषय निघाला की त्यांचा एक प्रश्न हटकून येतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुरत शहर सुमारे ४४ लाखांचे, तर सारा गोवा साडेचौदा लाखांचा. मग फुटबॉलमध्ये गोवा पुढे कसा?

इंग्रज आधी आले ते सुरतेस. १६१३ मध्ये त्यांची वखार येथे पक्की झाली. परंतु कंपनीचे मुख्य ठाणे १६८७ मध्ये मुंबईस गेले आणि फुटबॉलचे नियम लंडनमध्ये ठरले १८६३ साली. पलटणींचे संघ व त्यांच्या स्पर्धा वाढल्या त्या मुंबईकडे. सुरतेच्या वाट्याला क्रिकेट आले, आणि अलीकडे टेबल टेनिस. हरमीत देसाई हा सुरतेचाच. अर्थात टेबल खोलीत मावते. मैदानाला जमीन लागते, आणि सुरतेतील जमिनीचे भाव मी सांगायला नकोत!

गोव्यात हा खेळ पोर्तुगीजांनी आणला असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तो १८८३ मध्ये शिवोलीस फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी सुरू केला. हडफड्याची इंग्रजी शाळाही त्यांचीच. शाळेतून तो चर्चच्या परिसरात गेला आणि तेथून वाड्यावाड्यांत. भात कापून झाले की रिकामे शेत हेच मैदान. फेस्ताच्या दिवसांत गावागावांचे सामने होत. माझ्या मते खरा पाया हाच. चषक आणि क्लब नंतरचे.

पोटासाठी मुंबईला गेलेल्या गोवेकरांनी धोबीतलावच्या कुडांमधून खेळही सोबत नेला. मूळचे आसगावचे नेव्हिल डिसोझा मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले, त्यातील तीन गोल त्यांचे. तेव्हा गोवा मुक्त व्हायचा होता, ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

१९६१ नंतर खाणमालक पुढे आले. साळगावकर, डेम्पो, सेझा ही नावे लोहखनिजाची, तीच फुटबॉलचीही झाली. खेळाडूला कंपनीत नोकरी मिळू लागली, म्हणजे घरातून खेळाला होणारा विरोध संपला. फळ लवकरच दिसले. संतोष चषक १९८२-८३ मध्ये बंगालसोबत विभागून आणि पुढच्याच मोसमात एकट्या गोव्याने मिळवला. गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर हे याच काळातले. पुढे २००६-०७ ते २०१२-१३ असे सलग सात मोसम राष्ट्रीय लीगचे विजेतेपद गोव्याबाहेर गेले नाही. डेम्पोने ते चार वेळा, चर्चिल ब्रदर्सने दोनदा आणि साळगावकरने एकदा जिंकले. कोलकात्याच्या बलाढ्य क्लबांना हा मोठाच धक्का होता.

आणि तरीही २०१६ मध्ये साळगावकर, डेम्पो व स्पोर्टिंग हे तीन क्लब राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. देशाच्या नव्या लीग-रचनेत आपले स्थान दुय्यम ठरेल, हा त्यांचा आक्षेप होता. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, त्याचाही भार असावा असे मला वाटते. दोन-चार घराण्यांच्या इच्छेवर उभा असलेला खेळ त्या घराण्यांनी हात आखडताच किती उघडा पडतो, हे तेव्हा दिसले.

येथे आइसलँडकडे पाहणे उपयोगी आहे. वस्ती साडेतीन लाख, म्हणजे गोव्याच्या चौथ्या हिश्श्याएवढी. बर्फामुळे मैदान वर्षातील कित्येक महिने निरुपयोगी. त्यांनी २००० पासून छपराखाली पूर्ण मापाची मैदाने उभारली, तीही बहुधा नगरपालिकांच्या पैशाने, आणि लहान मुलांनाही परवानाधारक प्रशिक्षक दिले. २०१६ च्या युरो स्पर्धेत या संघाने इंग्लंडला हरवले आणि २०१८ मध्ये तो विश्वचषकात खेळला. क्युरासावचा मार्ग निराळा. सुमारे दीड लाख वस्तीचे हे बेट २०२५ मध्ये विश्वचषकासाठी पात्र ठरले, पण त्याचे बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मलेले व तेथेच शिकलेले. मुंबईच्या कुडांशी त्याचे नाते जुळते.

डेम्पोचा संघ २०२४-२५ च्या मोसमात आय-लीगमध्ये परतला, ही बातमी मला बरी वाटली. परंतु त्याहून अधिक मला गावच्या शेतांची चिंता वाटते. जेथे भात पिकत नाही आणि इमारत उठते, तेथे डिसेंबरात मुलांनी खेळावे कोठे, याचे उत्तर क्लबाने नव्हे, पंचायतीने द्यायचे आहे.