परत कधी येणार?

आजचं वाचन : याकोब 2:14-17

प्रियांनो, हा उतारा वाचला की मला केडगाव आठवतं. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना घेऊन आल्या. एक वेळ जेवू घालून सोडून दिलं नाही! मुक्ती मिशनमध्ये त्यांना घर मिळालं, अक्षरओळख झाली, पुढे विणकाम, छपाईसुद्धा त्या शिकल्या.

आणि आम्ही? गेल्या नाताळात आमच्या यूथ ग्रुपने चर्चमागच्या वस्तीत केक वाटले, फोटो काढले. एका आजींनी विचारलं, "बाळा, परत कधी येणार?" मी नुसताच हसलो. अजून गेलेलो नाही.

प्रभू, या रविवारी उपासना संपली की मला त्या आजींच्या दारी ने. आमेन.