हौसेला काम दे

रत्नागिरी

चि. बाळ,


पगारातला मोठा वाटा तू जुन्या फिल्म कॅमेऱ्यावर आणि नव्या बँडांच्या कार्यक्रमांवर घालवतेस म्हणून ताई तुझ्यावर रागावली आहे. मी रागावलेलो नाही. जाहिरातीचं डिझाइन दिवसभर गिऱ्हाइकाच्या मर्जीने बदलणाऱ्या माणसाला स्वतःच्या मर्जीचं काहीतरी हवंच. फक्त या हौसेला काम दे. आणि ते काम इथे, आपल्या जिल्ह्यात पडून आहे.

तुझे पुण्यातले बँड स्वतः लिहितात, स्वतः चाली लावतात, कुठल्या कंपनीच्या दारात उभे राहत नाहीत, याचं तुला अप्रूप आहे. आपले जाखडी नाचाचे शाहीर पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलेत. शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात आधी गण, मग गवळण, आणि मग सवाल-जवाब. शक्तीवाला प्रकृतीला थोर म्हणणार, तुरेवाला पुरुषाला. पदं नवी, पदरमोड स्वतःची. कॅसेटच्या काळात यांच्या कॅसेटी निघाल्या, आता यूट्यूबवर गाणी येतात. परळच्या दामोदर हॉलमध्ये चाकरमान्यांनी हे सामने तिकीट काढून पाहिलेत. स्वतंत्र संगीतावर तुझं खरंच प्रेम असेल, तर ते जाखडीच्या मंडपात येऊन दाखव.

पैशाचंही बोलतो. वर्षभरात हजार वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला स्पॉटिफाय 2024 पासून रॉयल्टी देत नाही. बँडकॅम्प डिजिटल विक्रीत साधारण 15 टक्के ठेवतं आणि व्यवहाराचं शुल्क वजा जाता बाकीचे कलाकाराकडे पाठवतं. तेव्हा आवडलेल्या बँडचं गाणं विकत घे. शाहिराच्या बाबतीत तर सोपं आहे, बक्षिसाची नोट त्याच्या हातात ठेव.

आता फोटोंचं. जाखडी रात्रीची, मंडपात ट्यूबलाइटचा उजेड. फ्लॅश अजिबात मारू नकोस, नाचणाऱ्यांची लय मोडते. 400 चा एचपी5 रोल 1600 वर वापर. सावलीतला तपशील जाईल, ग्रेन वाढेल, चालेल. 50 एमएमची लेन्स पूर्ण उघडून शटर 1/60 ठेवलंस की मधे बसलेल्या ढोलकीवाल्याचा चेहरा स्थिर येतो आणि फेर धरणाऱ्यांचा चाळ बांधलेला पाय पुसट येतो. तो पुसटच येऊ दे. नाच त्या पुसटपणातच दिसतो.

आमच्या स्टुडिओत उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’चा माल असायचा. तो सरकारी कारखाना बंद पडला, म्हणून आज तुझा रोल परदेशातून येतो आणि 36 फ्रेम महाग पडतात. तरी एका रात्रीला एक अख्खा रोल दे. दहा गावांत तीन-तीन फ्रेम घेऊन कुणाचीच ओळख होत नाही.

फिल्म शक्यतो स्वतः धू. डेव्हलपरचे वेळेचे तक्ते 20 अंशांचे असतात, आणि भाद्रपदात आपल्या नळाचं पाणी त्याहून बरंच गरम असतं. बाटल्या बर्फाच्या पाण्याच्या टबात ठेव, थर्मामीटर पाहूनच टँकमध्ये ओत. अशा 1600 वर वापरलेल्या, म्हणजे पुश केलेल्या फिल्मला वेळ जास्त लागतो, तो तक्त्यात बघून घे. शेवटचं पाणी गाळलेलं. आणि कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये ठेवू नकोस. आपल्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते, ती एकदा काचेच्या लेपात शिरली की पुसून जात नाही. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, आणि ते जेल अधूनमधून तापवून कोरडं करायचं.

निगेटिव्हच्या पाकिटावर त्याच रात्री गाव, तारीख, शाहीर, ढोलकीवाला, झांजवाला अशी नावं लिही. शाहिराचं नाव सगळे सांगतात, झांजवाल्याचं कुणी लिहून ठेवत नाही. मग ज्यांचे फोटो काढलेस त्यांना कागदावरचे प्रिंट नेऊन दे. इन्स्टाग्रामवर नंतर टाक. पद ध्वनिमुद्रित केलंस तर शाहिराला विचारल्याशिवाय कुठेही चढवू नकोस, त्याचं पद ही त्याची मालमत्ता आहे.

यंदा गणपतीला दोन दिवसांसाठी येऊ नकोस, गौरीविसर्जन होईपर्यंत राहा आणि तशी रजा आत्ताच टाक. टँक आणि थर्मामीटर माझ्याकडे आहेत. रोल, डेव्हलपर आणि फिक्सर येताना पुण्याहून आण, इथे मिळत नाहीत.

तुझा,
मामा